घरची मिरची तिखटच लागत नाही! (गच्चीवरची बाग, नागपूर)

गच्चीवाली | ९ ऑक्टोबर

लोकहो, आधी हसून घ्या, मग मदत करा.

मानेवाड्याला राहते, वरचा मजला, त्यामुळे स्लॅब आमच्याच ताब्यात. जुलैत पहिला दमदार पाऊस झाल्यावर एका नर्सरीतून मिरचीची दहा रोपं आणली. "तिखट आहे ना भाऊ?" असं तीनदा विचारलं. "लय तिखट ताई, हात डोळ्याला लावू नका फक्त," असं उत्तर मिळालं. रोपं जगली, कमरेला आली. पानं काळीभोर हिरवी, मिरच्या बोटापेक्षा लांब, तकतकीत. फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकले, शाबासकीही घेतली.

काल पहिल्यांदा ठेचा केला. चौदा मिरच्या घातल्या. सासूबाईंनी भाकरीला लावून एक घास खाल्ला, थोडं थांबल्या, दुसरा खाल्ला आणि म्हणाल्या, "गवारीचा ठेचा बरा झालाय."

नवऱ्याने मग त्यात लाल तिखट कालवलं. ठेच्यात तिखट! माझ्या डोळ्यांदेखत!

पाणी सकाळ-संध्याकाळ घालते. आठवड्यातून एकदा शेणखताचं पाणी, आणि पानं पिवळी पडू नयेत म्हणून मधूनमधून चिमूटभर युरिया. लाडात काही कमी नाही. मग चुकतंय कुठे?

इतवारीकर | ९ ऑक्टोबर

बिनतिखट मिरची आणि ती पण नागपुरात. महानगरपालिकेचा दाखला काढून घेतील तुमचा.

तूर्तास मिरच्यांना बेसनात बुडवा, भजे करा, आणि सासूबाईंना सांगा की मुद्दामच भज्याची जात लावली होती.

उमरेड_रोड | ९ ऑक्टोबर

ताई, इतवारीकर गमतीत बोलले, पण बरोबरच बोलले. फोटो टाका बरं एक. नाही तर एवढंच सांगा, मिरचीचं साल जाड हाये का? तोडली तर कट्कन आवाज येते का? आणि अंगावर सुरकुत्या हायेत का गुळगुळीत?

गच्चीवाली | १० ऑक्टोबर

गुळगुळीत. साल जाड. कट्कन आवाज येतो.

मला उत्तर कळायला लागलंय.

उमरेड_रोड | १० ऑक्टोबर

मग झालं. भज्याचीच हाये थे. नर्सरीवाल्याचं काय, त्याले ट्रेमधून रोप काढून द्याचं, नाव विचारलं त 'तिखट'. जातीचं नाव विचारत जा. आपल्याइकडं घरी लावाले पुसा ज्वाला चांगली. फिकी हिरवी, बारीक, टोकाले वाकडी, अंगावर सुरकुत्या. कुंडीसाठी त्याहूनही चांगली पुसा सदाबहार, तिच्या मिरच्या खाली लोंबत नाहीत, गुच्छानं आभाळाकडं तोंड करून उभ्या राह्यतात, अन् झाड दोन-तीन वर्षं चालते. फुले ज्योतीले बी घोसच लागते.

आणि थो युरिया आजपासून बंद. नत्र जास्त झालं की झाड पानात जाते, फुलात येत नाही. काळंभोर पान पाहून आपण खूश होतो, मावा अन् फुलकिडे त आपल्याहून जास्त खूश होतात.

रसायनवाली | १० ऑक्टोबर

जात हे मुख्य कारण आहेच. ज्या झाडात तिखटपणाची कुवतच कमी, त्याला उपाशी ठेवून तो येणार नाही. पण आणखी दोन गोष्टी तपासून बघ.

पहिली, तू मिरच्या कोवळ्या तोडत असशील. मिरचीचा झोंबरेपणा ज्या कॅप्सेसिनमुळे येतो ते फळ धरल्या दिवशी तयार नसतं. फूल गळून साधारण तीन आठवडे झाल्यावर ते साठायला लागतं आणि सहा-सात आठवड्यांच्या सुमारास भर येतो. लांबी पूर्ण झाली म्हणजे मिरची तयार झाली असं नाही. दाबून कडक लागली, रंगात किंचित काळपट झाक आली की तोड. दोन-चार तर लाल होईपर्यंत झाडावरच राहू दे आणि मग चव बघ.

दुसरी, पाणी. रोज दोनदा, तेही ऑक्टोबरात, कुंडीतल्या मिरचीला खूप होतं. माती बोटभर खोल कोरडी लागली की मगच घाल.

जाता जाता एक गैरसमज. तिखट बियांमध्ये नसतं. ते ज्या पांढऱ्या शिरेला बिया चिकटलेल्या असतात तिच्यात तयार होतं, बियांना फक्त लागलेलं असतं. "बिया काढल्या म्हणजे मुलांना चालेल" म्हणून लोक शिरा तशाच ठेवतात, आणि मुलं रडतात.

मनीषनगरची_मंजू | ११ ऑक्टोबर

माझ्या आत्याचं म्हणणं आहे की ढोबळी मिरचीशेजारी तिखट मिरची लावली की तिखट मिरची सौम्य होते. तुझ्या गच्चीवर ढोबळी आहे का?

गच्चीवाली | ११ ऑक्टोबर

आहे की! दोन कुंड्या! काढून टाकू?

रसायनवाली | ११ ऑक्टोबर

अगं थांब, त्या बिचाऱ्या ढोबळीने काय केलंय. परागकण ढोबळीचा आला तरी फळाचं साल आणि आतली पांढरी शीर ही आईझाडाचीच असते. त्यामुळे यंदाच्या मिरचीची चव बदलत नाही. बदलतं ते बी. त्या बियांपासून पुढच्या वर्षी जे झाड येईल त्यात ढोबळीचे गुण उतरू शकतात. तुझी आत्या घरचंच बी धरत असेल मंजू, तर तिचं निरीक्षण खरं आहे, फक्त हिशेब एक वर्ष पुढे सरकलाय.

मनीषनगरची_मंजू | ११ ऑक्टोबर

घरचंच धरते! चाळीस वर्षं! तिला आज फोन करून सांगते. मान्य करणार नाही ती भाग वेगळा.

पुण्याहून_बदलून | १३ ऑक्टोबर

धागा छान चाललाय. थोडं अवांतर चालेल का? जूनमध्ये बदली होऊन नागपूरला आलो. ऑफिसातल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात सावजी खानावळीत नेलं. मी 'मीडियम' सांगितलं. वाढणाऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेला. पुढचं फारसं आठवत नाही. तीन ग्लास पाणी प्यायलो, प्रत्येक ग्लासाला आग वाढत गेली. तुम्ही लोक त्यात किती मिरची घालता?

इतवारीकर | १३ ऑक्टोबर

मालक, इथेच सगळे चुकतात. सावजी म्हणजे नुसती मिरची नव्हे. आमच्या गल्लीत लहानपणी हातमागांची खटखट असायची, हलबा कोष्ट्यांची घरं, ही त्यांची रांधणी. त्या रश्श्यात मिरे, लवंग, सुंठ, दगडफूल, धने, खसखस, भाजलेलं खोबरं असं पुष्कळ जातं, आणि जुन्या घरांमध्ये फोडणी जवसाच्या तेलाची. मिरची जिभेवर लागते. सावजी घशाच्या खाली उतरल्यावर कळतो, आणि तो खड्या मसाल्याचा हात असतो. नुसतं तिखट ओतून लाल तर्री आणणारेही आहेत गावात, त्यांना आम्ही सावजी म्हणत नाही.

मीडियम मात्र नसतं. ते त्याने तुम्हाला न बोलता सांगितलं.

रसायनवाली | १३ ऑक्टोबर

@पुण्याहून_बदलून, पाणी हीच चूक. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. पाण्याने ते तोंडभर पसरतं फक्त. दूध किंवा दही घ्यायचं, त्यातलं केसिन नावाचं प्रथिन त्याला धरून जिभेवरून उचलून नेतं. ताकही चालतं, पण दाट हवं.

आणि ही 'आग' खरीखुरी चव नाहीच. आपल्या नसांमध्ये उष्णता ओळखणारी एक जागा असते, टीआरपीव्ही१ नावाची. साधारण ४३ अंशांच्या वरचं तापमान लागलं की ती उघडते आणि मेंदूला 'भाजलं' असा निरोप जातो. कॅप्सेसिन तीच जागा उघडतं, न भाजता. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली मिरचीतल्या याच द्रव्याचा माग काढत ती शोधली, त्या कामासाठी २०२१ चं नोबेल त्यांना, स्पर्शावर काम केलेल्या आर्डेम पॅटापूटियन यांच्याबरोबर विभागून मिळालं. म्हणजे नागपूरचा मे महिना आणि सावजीचा रस्सा शरीरात एकाच दारातून शिरतात. तू एक पास झालास, दुसरा मे मध्ये.

पक्ष्यांना हे दार मिरचीसाठी उघडत नाही. म्हणून पोपट मिरच्या मजेत खातो आणि बिया दूरवर टाकून येतो.

पुण्याहून_बदलून | १३ ऑक्टोबर

तर्री पोहे मात्र आवडायला लागलेत. सकाळी चण्याचा रस्सा पोह्यांवर ओतणं हा गुन्हा वाटायचा. आता कोरडे पोहे समोर आले की काहीतरी राहिलंय असं वाटतं. घरी कळवलेलं नाही.

धरमपेठ_जुना | १४ ऑक्टोबर

मे महिन्याचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती सांगतो, कोणाच्या तरी कामी येईल.

दोन वर्षांपूर्वी बारा कुंड्या मिरचीच्या होत्या. एप्रिल लागला आणि फुलं पटापट गळायला लागली. रोज सकाळी कुंडीभोवती पांढरा सडा. मला वाटलं रोग आहे, दोन औषधं मारून झाली. रोग कसला, दिवसा चाळीसच्या वर आणि रात्रीही गरम हवा असली की मिरचीचं फूल धरतच नाही. ते झाडाचं शहाणपण. तेव्हा हिरवी नेट बांधायची, कुंड्या स्लॅबवरून उचलून विटांवर किंवा पाटावर ठेवायच्या (स्लॅब तापला की मुळं उकडतात), आणि फळांची आशा सोडून झाड जगवायचं. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) निघाला, पाऊस पडला की तेच झाड पुन्हा फुलतं.

पण माझी झाडं गेली ती उन्हाने नाही, माझ्या काटकसरीने. पाणीटंचाई, म्हणून कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी रोज कुंड्यांना घालायचो. वाया कशाला घालवायचं! पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी, मातीवर पांढरा थर. बोअरचं जड पाणी, दिवसभर वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्यांवरून फिरतं, पाणी उडून जातं आणि क्षार टाकीत साठत राहतात. मी झाडांना रोज मीठ पाजत होतो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी चालतं, त्यात क्षार नसतात. कूलरचं नाही.

मनीषनगरची_मंजू | १४ ऑक्टोबर

बापरे. मी हेच करते. गुलाबालासुद्धा.

उमरेड_रोड | १४ ऑक्टोबर

धरमपेठवाले काका, लाखाची गोष्ट.

मातीचं बी सांगून ठेवतो. आपली काळी माती वावरात सोनं, कुंडीत सिमेंट. पाणी टाकलं की चिखल, सुकली की भेगा. निम्मीच घ्या. बाकी शेणखत किंवा गांडूळखत, अन् थोडं धानाचं तूस. भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून पोतं आणलं त वर्षभर पुरते. कोकोपीट लागतच नाही. कुंडी बारा इंचाची पायजे, त्याहून लहानीत झाड जगते पण पोसत नाही.

आणि ताई, तुम्ही आता भज्याच्या मिरचीच्या मागं लागू नोका. आमच्या वावरातल्या भिवापुरीचं बी आहे माझ्याकडं, मागच्या साली लाल मिरचीतून काढून ठेवलेलं. भौगोलिक मानांकन हाये आपल्या भिवापुरी मिरचीले, उमरेडच्या पुढं गेलं की लागते भिवापूर. आता लोक संकरित बियाणाकडं वळले, जुन्या जातीचं रान कमी झालं. आम्ही दोन तास (ओळी) लावतो घरापुरते. पुडी बांधून देतो. बुधवारी बर्डीवर येणं होते माझं.

गच्चीवाली | १७ ऑक्टोबर

पुडी मिळाली! सीताबर्डी मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली, कागदात बांधलेली, रबर लावून. आजूबाजूचे लोक संशयाने बघत होते.

दादांनी सांगितलं तसं रात्रभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळलं, डबा इन्व्हर्टरवर ठेवलाय. तिथे ऊब असते. सासूबाईंनी विचारलं काय आहे, मी सांगितलं गवार.

मानकापूरची_आजी | १८ ऑक्टोबर

मला मुलाने या ठिकाणी नाव काढून दिलं आहे. बाळा, ठेच्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मिरची कितीही चांगली असो, तू मिक्सरमध्ये फिरवत असशील तर ती चटणी होते. मिरच्या देठं काढून तव्यावर थोड्या तेलात टाकायच्या, वर झाकण. चट्टे पडेपर्यंत भाजायच्या. त्यातच लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, जिरं. मग खडं मीठ टाकून खलबत्त्यात, नाही तर तव्यावरच तांब्याच्या बुडाने रगडायचं. फल्लीदाणे (शेंगदाणे) शेवटी, भरड. सांबार हवा असेल तर कच्चाच, तव्यावर नको. मिरचीचा तुकडा दाताखाली यायला पाहिजे. आणि भाजताना खिडकी उघडी ठेव, शेजारच्यांना ठसका लागला म्हणजे मिरची चांगली.

पुण्याहून_बदलून | १८ ऑक्टोबर

आजी, ठेच्यात सांबार? इडलीबरोबरचं?

इतवारीकर | १८ ऑक्टोबर

कोथिंबीर, मालक. कोथिंबीर. सांबारवडी मागवाल तेव्हा वाटीत रस्सा शोधत बसू नका.

भूत_लावणारा | २० ऑक्टोबर

तुम्ही लोक भिवापुरी आणि ज्वालावरच अडलेत. मी भूत झोलकिया लावलीय. २००७ मध्ये गिनीजमध्ये हीच जगात पहिली होती, दहा लाख स्कोविलच्या वर (स्कोविल म्हणजे तिखटपणा मोजायचं माप). त्यानंतर कॅरोलिना रीपर आली, २०२३ पासून पेपर एक्स, २६ लाख ९३ हजार. ढोबळी मिरची शून्य, एवढं सांगितलं की अंदाज येईल.

इतवारीकर | २० ऑक्टोबर

मग, खाल्ली का?

भूत_लावणारा | २० ऑक्टोबर

झाड दीड वर्षाचं आहे. पहिल्या मे मध्ये निम्मं जळलं, छाटल्यावर पुन्हा फुटलं. यंदा चार फळं लागली. एक अर्धी कापून वरणात बुडवून काढली, फक्त बुडवली. पूर्ण कुटुंबाने त्या दिवशी दहीभात खाल्ला. बाकीची तीन डब्यात आहेत, पाहुण्यांना दाखवतो.

धरमपेठ_जुना | २० ऑक्टोबर

मिरची ही खायची गोष्ट आहे हे माझं जुनं मत. चव लागायच्या आधी जीभ बधिर होत असेल तर आकडा घेऊन काय करायचं? असो, ज्याची त्याची हौस.

गच्चीवाली | २९ नोव्हेंबर

हालहवाल. इन्व्हर्टरवरच्या बिया नवव्या दिवशी फुटल्या. छत्तीस रोपं झाली. थंडीमुळे वाढ सावकाश आहे, पण आठ कुंड्यांत लावली, बाकी वाटली.

जुन्या भज्याच्या झाडांचा युरिया बंद, पाणी दोन दिवसांनी. पाच मिरच्या लाल होऊ दिल्या. आधीपेक्षा जरा झोंबतात, पण कोणी रडेल अशा नाहीत. रसायनवालीने आधीच सांगितलं होतं म्हणून वाईट वाटलं नाही.

नवीन संकट असं की भिवापुरीच्या तीन रोपांची पानं वळायला लागलीत. हाच तो चुरडा-मुरडा रोग का? झाड उपटू?

उमरेड_रोड | २९ नोव्हेंबर

घाई नोका करू. पानं कोणत्या बाजूनं वळली थे पाहा. कडा वर उचलून नावेसारखी झाली असतील त फुलकिडे. कडा खाली झुकून उलटी नाव झाली असेल त कोळी नावाची बारीक कीड. हे दोन्ही सुधरते. पण पानं लहान, जाड, शिरा सुजल्यासारख्या अन् झाड बुटकंच राह्यलं, त थो विषाणू, पांढरी माशी आणते. त्याले औषध नाही. असं झाड उपटून पिशवीत बांधून टाकायचं, कुंडीशेजारी नाही फेकायचं.

निंबोळ्या असतील त पन्नास ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून गाळा, संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. कीड खालीच बसते. लोक वरून शिंपडतात अन् म्हणतात फरक नाही पडला.

गच्चीवाली | १२ डिसेंबर

दोन झाडांची नाव सुलटी होती, तीन वेळा निंबोळी अर्क मारल्यावर नवीन पानं सरळ आली. तिसरं बुटकं राहिलं. उपटलं. नाव ठेवलं होतं त्याला, जाऊ दे.

मनीषनगरची_मंजू | १३ डिसेंबर

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "एक वर्ष पुढे असो नाहीतर मागे, ढोबळी लांबच लाव."

गच्चीवाली | १६ मार्च

खूप दिवसांनी धागा वर काढतेय.

फेब्रुवारीत सात झाडं फुलांनी भरली, रात्री थंड होत्या म्हणून बहुतेक सगळी फुलं धरली. या वेळी हात आवरला, बोटभर खोल माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. काल पहिला तोडा. सव्वीस मिरच्या, भज्याच्या मिरचीच्या निम्म्यासुद्धा नाहीत आकाराने. आजींनी सांगितलं तसा तव्यावर रगडला, खिडकी उघडी ठेवून. समोरच्या घरातून दोघांचा ठसका ऐकू आला.

सासूबाई बसल्या. भाकरीचा तुकडा मोडला, मागच्या अनुभवामुळे ठेचा चांगला भरपूर लावला. पहिला घास गेला. काही बोलल्या नाहीत. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या. नवरा दही आणायला उठला तर हाताने थांबवलं. दुसरा घास घेतला, थोडा लहान. मग म्हणाल्या, "तिखटाचा डबा आत ठेवून दे."

पाच मिरच्या झाडावर लाल करायला सोडल्यात, बियांसाठी. ढोबळी खाली अंगणात हलवली, मंजूच्या आत्याच्या शब्दाखातर.

इतवारीकर | १६ मार्च

दाखला परत मिळाला तुम्हाला. बियांसाठी आमचं नाव लिहून ठेवा.

पुण्याहून_बदलून | १६ मार्च

माझंही. गच्ची नाही, पण खिडकीत ऊन येतं. दही घेऊन ठेवलंय.

गच्चीवाली | १२ एप्रिल

देते सगळ्यांना, पण एक अडचण आहे. सुकवायला ठेवलेल्या मिरच्या सासूबाईंनी त्यांच्या कपाटात नेऊन ठेवल्यात. किल्ली त्यांच्या कमरेला असते. विचारून सांगते.